मामांच्या ट्रॅक्टरचा पार्किंग ब्रेक

जन्मात एकही चूक न केलेला माणूस मी पाहिला आहे. ते माझे मामेसासरे. चुकतात ती यंत्रं, चुकतात ती बनवणारे कारखाने, क्वचित हवामान चुकतं आणि उरलेल्या सगळ्या वेळी मी चुकतो. मामा तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून काढली. मी साताऱ्याचा. बँकेच्या बदलीने चेन्नईत आलो, इथल्याच मराठी घरात लग्न केलं आणि माझे रविवार मामांच्या नावावर झाले. नुंगंबाक्कमहून दोन बस बदलून मी शहराच्या टोकाला त्यांच्या घरी जायचं, त्यांनी काहीतरी उघडायचं आणि मी टॉर्च धरायचा.

मामांचा सिद्धांत असा की रोग नेहमी आत असतो. बाहेरून बघतो तो अडाणी. एकदा मामींचा मिक्सर फिरेना, तर यांनी मोटर काढली, तिची तार उकलली, दोन दिवस इडलीचं पीठ शेजारणीकडे वाटायला गेलं. तिसऱ्या दिवशी कळलं की भिंतीवरचं बटणच गेलंय. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "बटणसुद्धा आतूनच गेलं की!" सुटे स्क्रू ठेवायला त्यांना कॉफीचे डबरे लागतात. डबरा म्हणजे टंबलरखालची ती पितळी वाटी. त्यामुळे त्या घरची फिल्टर कॉफी मी डिझेलच्या वासासकट पितो आणि वर "फार छान" म्हणतो. एकदा "जरा वास येतो" असं म्हणून बघितलं होतं. तर कॉफीची पावडर कशी दळावी यावर पाऊण तासाचं व्याख्यान झालं.

तंजावरची जमीन विकली तेव्हा मामांनी भांडीकुंडी सगळी वाटून टाकली, पण ट्रॅक्टर चेन्नईला आणला. नांगरायला वीतभर जमीन नाही आणि दाराशी ट्रॅक्टर. पावसाळ्यात पाणी शिरतं म्हणून घर उंचावर बांधलेलं. रस्त्यापासून वर चढणाऱ्या उतारावर तो उभा असायचा. त्याचा पार्किंग ब्रेक साधा. पेडल पायाने दाबायचं आणि शेजारचा खटका ओढायचा. खटका दातेरी पट्टीत अडकतो आणि पेडल दाबलेलंच राहतं. एका दुपारी तो खटका निसटला. ट्रॅक्टर कुणाला न विचारता उतरला, रस्ता ओलांडला आणि समोरच्यांचा शेवगा आडवा करून थांबला. आठवडाभर अख्ख्या गल्लीने शेंगांचं सांबार खाल्लं. मामींच्या घशाखाली मात्र घास उतरेना. "उद्या तिथं एखादं लेकरू असलं तर?" असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला सांगून टाकलं.

मामांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. चेंगलपट्टूकडचा एक नारळबागवाला ट्रॅक्टर न्यायला तयार होता, पण ब्रेक धरत असेल तरच. मामींनी तीन रविवारांची मुदत दिली. ब्रेक धरला तर बाग, नाहीतर गॅसकटर.

"रोग आत अहे, माप्ळे," मामा म्हणाले. जावयाला हाक मारताना ते तमिळच होतात. पहिल्या रविवारी चाकाकडचे ब्रेक उघडले. मी म्हटलं, "मामा, आधी बाहेरचा खटका बघू या का?"

"तू बँकेत अहेस नं? तिथं बाहेरून बघ."

दुसऱ्या रविवारी नव्या प्लेटी आल्या, नवी स्प्रिंग आली, घरातले सगळे डबरे भरले. तिसऱ्या रविवारी सगळं जोडलं, पेडल दाबलं, खटका ओढला आणि खटका पुन्हा निसटला. मामा आत जाऊन आडवे झाले.

माझं डोकं फिरलं होतं. तीन रविवार! रागाने मी पेडलखाली आडवा झालो आणि पट्टीवरचं काळं वंगण स्क्रूड्रायव्हरने खरवडू लागलो. त्याखालून पिवळट-लाल ढेकूळ निघालं, गुळाच्या खड्यासारखं कडक. नाकाशी नेलं तर चंदन! मग उलगडा झाला. खंडेनवमीला लोक गाडीच्या तोंडावर गंधाची तीन बोटं ओढतात. मामा मात्र भाग न् भाग पूजतात, आणि पट्टीच्या दात्यादात्याला त्यांनी वर्षानुवर्षं चंदन-कुंकू भरलं होतं. दाते बुजले होते. खटका नुसता वरच्यावर टेकत होता.

मान वर केली तर मामा उभे. त्यांनी ढेकूळ घेतलं, हुंगलं आणि तळहातावर फिरवून बघितलं.

"हे बाहेरचं अहे," ते म्हणाले.

या वाक्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो! पण खरं सांगतो, ऐकून काडीचाही आनंद झाला नाही. मी घाईघाईने म्हटलं, "इथलं ऊन मामा, उन्हाने वंगण घट्ट होतं."

"उन्हानं चंदन लावलं काय रे? मी लावलं."

आम्ही दोघांनी रॉकेलने दाते धुतले. पेडल दाबलं, खटका टक् करून बसला. मामा स्वतः उतारावर ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहिले. मामी ओरडत होत्या, "अय्यो, सरका तिथून!" ट्रॅक्टर तसूभर हलला नाही.

सोमवारी मी रजा टाकून गेलो. मामांनी बागवाल्याला अर्धा तास तमिळमध्ये सगळं समजावलं. शेवटी पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "पूजा कर, पण इथं काही लावू नकोस. मी लावलं होतं, चुकलं." मामींनी पदर डोळ्यांना लावला. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी मामा रस्त्यावरच उभे होते.

"ऐक, माप्ळे. दुसऱ्या गियरला घरघरतोय."

मला नुसते बसचे हॉर्न ऐकू येत होते.

"हो मामा, घरघरतोय खरा."

"त्या बागवाल्याला काय समजणार? रविवारी जाऊन बघायला पाहिजे."

चेंगलपट्टू म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. मी विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"