एडनाबाईंची लॉन्ड्री

डॉक्टर लॅविंग्टन यांची पाच पुस्तकं एडना प्लकरोज यांनी वाचनालयातून आणून वाचली होती, आणि पाचांबद्दलही त्यांचं मत एकच होतं. या माणसाला जन्मात कधी थंडी वाजलेली नाही.

युद्धकाळातल्या ब्रिटिश हेरखात्यावर इतका जाड इतिहास दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही, असं वर्तमानपत्रं म्हणत. जाडीबद्दल एडनाबाईंची तक्रार नव्हती. गेल्या जानेवारीत मागच्या दाराच्या फटीशी तिसरा खंड लावला तेव्हा कुठे स्वयंपाकघरात बसवत होतं. पण डॉक्टरांच्या पुस्तकातल्या हेरखात्यातल्या मुलींचे गाल गुलाबी असत. शत्रूचे संदेश नोंदवता नोंदवता त्या खुदखुदत, आणि संध्याकाळी तरुण अधिकाऱ्यांबरोबर नाचायला जात. एडनाबाईंना आठवत होती ती धूर ओकणारी शेगडी, बोटं कापलेले लोकरी हातमोजे आणि संदेशांच्या कार्डांनी ठासून भरलेल्या पेट्या. नाचायला पायांत जीव लागतो. तो रात्रपाळीत पेट्यांपाशीच संपायचा.

हे त्या कुणाला सांगत नसत. एकोणिसाव्या वर्षी ज्या कागदावर सही केली, त्यावर तोंड किती वर्षं बंद ठेवायचं ते लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मरेपर्यंत, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता. कुणी विचारलं तर लष्कराच्या लॉन्ड्रीत होते, असं सांगायचं ठरलेलं. नवरा सिरिल, रेल्वेतला निवृत्त सिग्नलवाला, पस्तीस वर्षं तेच ऐकत आला होता. आता सरकारनंच बोलायला मोकळीक दिली, असं लोक म्हणत. पण एडनाबाईंना तसं पत्र आलं नव्हतं. पत्र मेजर डॅल्बींनाही आलं नसावं. मात्र मेजरांना बोलायला परवानगी लागते, असं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मेजर म्हणजे लोअर स्टॅप्लिंग गावच्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष. युद्धात ते त्याच कार्डांच्या खोलीवर अधिकारी होते. त्या काळातला एक मोठा पांढरा कप ते अजून बरोबर बाळगत. गावच्या सभागृहातल्या कपातून चहा प्यायला त्यांना कमीपणा वाटे, आणि बशी ही बायकांची गोष्ट आहे असं त्यांचं मत होतं. त्यामुळे कप जो कागद समोर असेल त्यावर टेकायचा.

डॉक्टरांचं सहावं पुस्तक मेजरांच्या आठवणींवर बेतलेलं होतं, आणि दोनशे बाराव्या पानावर एडनाबाईंचा चष्मा थांबला. एका जहाजाला धोक्याचा इशारा वेळेवर मिळाला नाही, ते बुडालं, आणि चूक होती ‘आय. टी. नावाच्या एका निष्काळजी कारकून मुलीची’. तिनं कार्डावरचा आकडा वाचताच येणार नाही असा गिचमिड लिहिला होता म्हणे. समोर कार्डाचा फोटो. ते मेजरांनी चक्क आठवण म्हणून घरी नेलं होतं.

आय. टी. म्हणजे आयव्ही टफनेल. युद्धात शेजारच्या टेबलावर, आता शेजारच्या घरात. त्या वेळी तिला एका दिवसात भांडी घासायला पाठवलं गेलं, आणि अधिकाऱ्यापुढे तोंड उघडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुस्तक आलं आणि मेजरांनी गुत्त्यात ती आद्याक्षरंही फोडून सांगितली, आणि तिला भांडी घासायला पाठवल्याचंही. आयव्हीनं चर्चमध्ये फुलं सजवायचं काम सोडलं. तीस वर्षांत तिचा एकही ठरलेला रविवार चुकला नव्हता. मग घराबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी लागली.

“स्केगनेसला बहिणीकडे जाते,” ती म्हणाली.

“तुला तुझी बहीण आवडत नाही.”

“तिथे कुणी पुस्तकं वाचत नाही.”

“आयव्ही, त्या फोटोतला डाग…”

“एडना, आपण सही केलीय,” आयव्ही म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी दुपारी सभागृहात डॉक्टरांचं व्याख्यान होतं. आयव्हीचं सामान सोमवारी हलणार होतं. एडनाबाईंनी ठेवणीतली हॅट घातली.

“तू कशाला येतेस? तुला कंटाळा येईल,” सिरिल म्हणाला.

“मला कंटाळ्याची सवय आहे. सहा खंड वाचलेत.”

डॉक्टर तासभर बोलले. हात असे हलवत, की जणू ती जहाजं त्यांनी स्वतः ओढून किनाऱ्याला लावली होती. शेजारी अध्यक्षस्थानी मेजर, पुढ्यात तो कप, कपाखाली डॉक्टरांचं नवं पुस्तक. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं गेलं. अशा वेळी बुटांकडे बघत बसायचं, ही गावची रीत. एडनाबाई उभ्या राहिल्या.

“साहेब, मी युद्धात लॉन्ड्रीत होते.”

“वा, त्या कामाचंही फार महत्त्व…”

“महत्त्व राहू द्या. मला डागाबद्दल विचारायचंय. दोनशे बाराव्या पानासमोरचा फोटो. खाली तुम्ही लिहिलंय, ‘काळाच्या ओघात पडलेला डाग’.”

“कागद चाळीस वर्षांचा आहे, बाई.”

“काळ गोल असतो का?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पानं उलटल्याचा आवाज झाला. पुस्तक गावात बऱ्याच जणांनी विकत घेतलं होतं, आयव्हीचं पान वाचायला.

“हा चहा आहे,” एडनाबाई म्हणाल्या. “दूध घातलेला. कपाच्या बुडाचा. बरोबर आकड्यावरून गेलाय, शाई पसरलीय. अक्षर गिचमिड नाहीये, ओलं झालंय.”

“असेलही,” डॉक्टर समजूत घातल्यासारखं हसले. “मुली चहा पीत असतील. त्यानं तर निष्काळजीपणाच सिद्ध होतो.”

“तुमचंच पान चौऱ्याण्णव. कारकून मुलींना त्या खोलीत खाण्यापिण्याची सक्त मनाई, फक्त अधिकाऱ्यांना मुभा. सहा पुस्तकांत तेवढं एक वाक्य बरोबर आहे, तेही तुम्ही विसरलात.”

डॉक्टरांनी चौऱ्याण्णवावं पान काढलं.

“आणि वर्तुळ पुरतं नाहीये. एका जागी नखाएवढं तुटलंय.”

आता खाटीक नॉटेज उठला. गवतावर चेंडू घरंगळवायचा खेळ खेळणाऱ्या बोल्स क्लबचा तो चिटणीस; अध्यक्ष अर्थात मेजर. त्यानं कोटाच्या खिशातून क्लबचं इतिवृत्त काढलं, फोटोशेजारी धरलं आणि शांतपणे म्हणाला, “हे बघा. आमच्याकडेही काळाचा ओघ येऊन गेलाय.”

तेच वर्तुळ, त्याच जागी तुटलेलं. मेजरांच्या कपाच्या बुडाचा टवका तीस वर्षं गावच्या प्रत्येक कागदावर उमटत होता; त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं इतकंच. सगळे मेजरांकडे बघू लागले. मेजरांनी घोट घ्यायला कप उचलला, आणि खाली पुस्तकाच्या वेष्टणावर ताजा, ओला शिक्का दिसला. त्यांनी घाईनं त्यावर हात ठेवला.

“युद्धात अशा गोष्टी होतात, मॅडम,” ते म्हणाले.

“होतात ना,” नॉटेज म्हणाला. “मग भांडी घासायला ती का गेली?”

मेजरांनी कप पुन्हा तोंडाला लावला. चहा संपला होता.

“पुढच्या आवृत्तीत मी नक्कीच…” डॉक्टरांनी सुरुवात केली.

“आवृत्ती येईल तेव्हा येईल. ती परवा गाव सोडतेय. इथून चौथं घर. चला.”

सिरिलनं रस्त्यात एकदा बायकोकडे पाहिलं. “लॉन्ड्रीत बरंच शिकवत होते,” एवढंच म्हणाला, आणि पुढे फाटक उघडायला गेला.

आयव्हीनं दार उघडलं. मागे दोरीनं बांधलेली खोकी दिसत होती. डॉक्टरांनी हॅट काढून कार्ड, डाग, मेजर, आपली चूक, सगळं एका दमात सांगितलं. इतकं लहान वाक्य त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं.

आयव्ही त्यांच्यावरून नजर काढून एडनाबाईंकडे बघत होती. “तू काही बोललीस?”

“लॉन्ड्रीबद्दल. बाकी सगळं त्यांच्याच पुस्तकात होतं.”

आयव्ही डॉक्टरांकडे वळली. “तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, साहेब. मी युद्धात लॉन्ड्रीत होते.”

माफी मागायला आलेल्या माणसाला ती ठेवायला जागाच मिळेना. शेवटी त्यांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली आणि निघून गेले.

“उद्याची चर्चमधली फुलं कुणाकडे आहेत?” आयव्हीनं विचारलं.

“नॉटेजच्या बायकोकडे.”

“ती फुलदाणीत फुलं भरते का पिशवीत कांदे, तेच कळत नाही.” आयव्हीनं अॅप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि पहिल्या खोक्याची दोरी कापली. “फुलदाण्या यातच कुठेतरी असतील. तिला सांग, उद्या मी करते.”