मालकांची बिनछपराची गाडी

आमच्या मालकांच्या पायाला भिंगरी हाय, हे मला लगनाआदी कोनी सांगितलं न्हाई. सांगितलं काय, तर पोरगा मिस्त्री हाय, इंजनाचा आवाज ऐकून त्याचं दुखनं सांगतोय. ते खरंच हाय ओ. पन बायकोचं दुखनं काई त्यांना ऐकू आलं न्हाई. अंगाची हळद उतरली न्हाई तर हे नांदेडला. मंग पुन्याला. दिवाळीला गावातले नवराबायकोचे जोडे ऊसतोडीला निघाले की हे टॅक्टर चालवायला त्यांच्यासंगं. नऊ वर्सांत नऊ महिने सलग घरी ऱ्हायले असतील तर मला इचारा.

लेकरू न्हाई. मंग काय, लोकांच्या तोंडाला झाकन थोडंच हाय? "हिच्यापायी कशाला थांबंल त्यो?" असं पानवठ्यावर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हनायच्या. लय राग यायचा. त्या भवान्यांचा बी आन ह्यांचा बी. आन भ्याव वाटायचं. एक दिवस हा मानूस जाईल आन खरंच येनार न्हाई.

एक्क्यान्नवच्या उन्हाळ्यात मात्र हे पुन्याहून रिकाम्या हातानं आले न्हाईत. तिथं ज्या शेटकडं कामाला व्हते तो जुन्या इलायती रेसच्या गाड्यांची नक्कल करायचा. फायबरची बॉडी, लोखंडी सांगाडा, नंबर टाकलेले सुटे भाग, सगळं खोक्यात भरून द्यायचा. घरी न्या आन जोडा. त्याचा कारखाना बंद पडला तवा उरलेला एक संच ह्यांनी उचलला. ट्रक देवगाव फाट्यापर्यंत आला. तिथून आमच्या काळ्या रानातल्या वाटंनं तीन बैलगाड्या लागल्या, आन सगळ्यात वर ती लाल बॉडी, उपडी टाकलेली.

माजी सासू धुरपदाबाई, म्या तिला आत्याबाई म्हनते, दारातच कमरंवर हात ठिवून हुभी. "आसाऱ्या, मेल्या, न्हानीतलं घंगाळ आनलंस का काय?"

"मोटार हाय, माय."

"छप्पर कुठं हाय?"

"हिला नसतंय."

"मागं बसायला?"

"ते बी नसतंय."

"मंग हाय काय हिच्यात, तुजं कपाळ?"

हे हसले. लगनानंतर पहिल्यांदा म्या त्यांना असं पोट धरून हसताना बगितलं.

बैल गोठ्याबाहीर आन गाडी आत. परभनीच्या भंगारातून फियाटचं इंजन आनलं. संगं आलेलं पुस्तक इंग्रजीत. आमच्या दोघांला बी इंग्रजीचा गंध न्हाई, पन आकडे मला येतात. चित्रावरचा आकडा वाचायचा आन खोक्यातून त्यो भाग काढून द्यायचा, हे माजं काम. दिवाळी आली, ऊसतोडीचे टॅक्टर गेले, आन हे गेले न्हाईत! म्या तर त्या गाडीला गुपचूप हळदकुकू लावलं, देवाशप्पत.

संक्रांतीच्या सुमाराला लिंबाजी आला. ह्यांचा दोस्त, मानवतला पंप दुरुस्त करतो. म्या चुलीपुढं भाकरी थापायलते. त्यानं इचारलं, "झाली की काय करनार?"

हे म्हनले, "निघनार. एकदा निघालो की पुन्यालाच ऱ्हायचं. ह्या गावाला तोंड दावनार न्हाई."

भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली. त्याच दुपारी, हे रानात गेल्यावर, म्या खोक्यातून त्रेसष्ट नंबर उचलला. मुठीएवढा लोखंडी तुकडा. त्याच्याबिगर ष्टेरिंग चाकाला जोडलं जात न्हाई, हे तवर मला कळायलं व्हतं. ज्वारीच्या कनगीत खांद्यापर्यंत हात घालून तो तळाला सारला. म्या चोराची औलाद न्हाई ओ. पन करते काय?

हुडकून हुडकून हैरान झाले बिचारे. उकिरडा सुद्धा चाळला. परभनीला लेथवर तीन डाव तसाच तुकडा करून आनला, तीनी डाव आतले दात बसंनात. शेटला पत्र टाकलं, ते तसंच माघारी आलं. मंग रोज सकाळी उठून नुसतं इंजन चालू करायचे. गोठा दनानून जायचा, गाडी जागच्या जागी. जेवन अर्धं टाकून उठायचे, अंगनात येरझाऱ्या घालायचे, कोनी बोललं की अंगावर जायचे. अशी दोन वर्सं गेली. मला तरी कुठं चैन व्हतं? आत्याबाई कनगीकडं वळली की "तुमी बसा, म्या काढते," असं म्हनून आडवी पळायची. बाई म्हनायची, सून लय कामाची झाली!

चौऱ्यान्नवची संक्रांत दोन दिवसांवर आली आन ह्यांनी पिशवी भरली. "पुन्याला जातो. तो भाग हुडकल्याबिगर येत न्हाई."

"कवा येताल?"

"सापडंल तवा."

गेले बी. अगं सटवे, म्हनलं, ज्याला धरून ठिवायला चोरी केली त्याला तूच घराबाहीर काढलंस की! कनगीत हात घातला, आन तुकडा पदरात बांधून फाट्याकडं पळत सुटले. पायात वहान न्हाई. पदर कुठं, केस कुठं. विद्यापीठाच्या नामांतराचं तापलेलं व्हतं, त्या दिवसांत एष्टीचा भरवसा नव्हता, म्हनून बरं. हे हाटेलाच्या बाकड्यावर बसलेले सापडले.

म्या तुकडा त्यांच्यापुढं ठिवला.

उलटासुलटा करून बगितला. "कुठं सापडला?"

"सापडला न्हाई. म्याच लपवलाय. दोन वर्सं."

वाटलं, आता थोबाडीत बसंल. म्या गाल पुढं करूनच हुभी. पन हे हळूच म्हनले, "कामून, कोकिळे?"

"तुमी जाताल म्हनून! लिंबाजीला सांगितलं ना तुमी, गावाला तोंड दावनार न्हाई म्हनून? मंग म्या काय करू, हिथं एकटीनं मरू?" हाटेलातले गडी बगायलते, आन म्या ढसाढसा रडायलते.

"अगं येडे," हे म्हनले, "दोन शिटा हायत तिला. दुसरीवर कोन बसनार व्हतं? लिंबाजी?"

खरं सांगते, मला तसंच वाटलं व्हतं. बैलगाडीत बाईमानूस मागं बसतं, कडब्याला टेकून. गडी पुढं. मालकाच्या बरोबरीनं पुढं बसायचं, हे माज्या टाळक्यात कधी शिरलंच न्हाई.

मंग मात्र माजं डोकं फिरलं. "सांगायला काय झालं व्हतं? तोंडात काय गुळनी धरली व्हती?"

खाली मान घालून म्हनले, "गाडी झाल्यावर सांगनार व्हतो. आदी सांगितलं असतं आन झाली नसती, तर तुला काय तोंड दावलं असतं?"

काय बोलावं आता असल्या मानसाला!

संक्रांतीच्या दिवशी दुपारी गाडी गोठ्याबाहीर निघाली. पानवठ्यावरच्या सगळ्या भवान्या वानाची ताटं घिऊन वाटंत हुभ्या. ह्यांनी गुडघ्याएवढं दार उघडलं. म्या बसले. आत्याबाई वरडली, "पदर सांभाळ गं, वाऱ्यानं उडंल!" काळ्या मातीच्या वाटंवर गाडीचं पोट खरखर घासत व्हतं. म्या दोनी हातांनी दार धरलेलं.

फाट्यावर गाडी थांबवली. एक रस्ता जिंतूरला, एक सेलूला, एक मंठ्याला. इंजन चालूच.

"सांग. कुठं जायचं?"

लगनापासनं मला लोकांनी इचारलं ते एवढंच, भाजी कशाची करायलीस. झरीला माहेर हाय, ते म्हनावं का? आत्याबाईच्या सांजच्या भाकरी कोन थापनार, तेबी मनात आलं. आलं तसं गेलं.

"लय लांब न्या," म्या म्हनलं. "आन अंधार पडायच्या आत घरी चला असं म्या म्हननार न्हाई."