कोलशेत ते शहाड, गाडीच्या पोटाखालून

आणि वर गाडी विकणारा शेठ म्हणतो, "बाई, पिकअप म्हणजे पिकअप, त्यात हलकी-भारी काय असतं?" मग काचेवर सोनेरी अक्षरांत 'हेवी ड्युटी' चिकटवलंस ते काय शोभेला? चैत्रात ही जुनी गाडी कल्याणहून आणली. मागे बर्फाच्या आठ पेट्या चढवल्या की हिची पुढची चाकं पाय फाकवून उभी राहतात. टायर आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झालेत. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील, मग रोज पहाटे म्हावरं कल्याणच्या बाजारात पोचलंच पाहिजे. एक दिवस चुकलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि परत येत नाही.

हे मंडळाच्या फळ्यावर लावतेय, कारण गावातली आणखी दोन घरं त्याच शेठकडे गाडी बघायला निघालीत. वाचा आणि मग जा. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षराला हसू नका.

बुधवारी सकाळी सहाला मी आणि आमचे हे निघालो. गाडी हे चालवतात, रस्ता मी सांगते. कापूरबावडीपर्यंत ठीक. भिवंडीच्या पुढे रस्ता कमी आणि खड्डे जास्त, तिथे गाडी डावीकडे ओढायला लागली. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून म्हणाले, सवय होईल. लग्नात त्यांच्या आईनेही मला यांच्याबद्दल हेच सांगितलेलं. वीस वर्षं झाली.

कल्याणला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव कालचा, बसायला बाक डुगडुगता. शेठ अकराशिवाय उगवत नाही असं कळलं, म्हणून पूल ओलांडून शहाडला गेलो. तिथे यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीला जॅक लावला, गोणपाट अंथरलं आणि मला म्हणाले, "वाका."

नऊवारी आवरून वाकले. शेजारी सिमेंट वाहणारी एक पिकअप उभी होती. मिस्त्रींनी आधी तिच्याखाली बॅटरी मारली. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकसंध लोखंडी दांडा, मनगटापेक्षा जाड, त्याला स्प्रिंगचे पाटे आवळलेले. हा भारी गाडीचा पुढचा एक्सल. मग आमच्या गाडीखाली. मधे दांडाच नाही. प्रत्येक चाक आपापल्या बारीक हातांना लटकलेलं, जसे एका घरातले दोन भाऊ वेगळे राहतात. ही हलकी गाडी. खड्ड्यांत अंग कमी हलतं, पण वजन आलं की चाकं फाकतात.

"मग मागून दणकट कशी दिसते?" मी विचारलं.

"मागे पाटे वाढवलेत. गिऱ्हाईक मागेच बघतं, माल तिथे ठेवायचा असतो ना."

चाकाचे नट मोजून खात्री होईल का, तेही विचारलं. ते म्हणाले, चाकं बदलता येतात, नटांवर जाऊ नका. काही गाड्यांना दांड्याच्या मधे लोखंडी गोळा दिसेल, ती चारही चाकांनी ओढणारी, चिखलातली गाडी. आपल्याला नको. आपल्याला नुसता दांडा बघायचा.

परतताना मी नाक्यावर प्रत्येक पिकअपखाली वाकत होते. एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, काय हरवलं?" म्हटलं, अक्कल, चैत्रात.

कारण खरी गोष्ट लिहायला लाज वाटते. बाजारात मी कुणाचाही मासा कल्ला उचलल्याशिवाय घेत नाही. आणि गाडीच्या पूजेला पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायला मीच वाकले होते. लिंबं बघितली. हाताच्या अंतरावर दांडा नाही, हे नाही बघितलं. नजर हारावर, हळद नीट लागली का त्यावर. सगळा गाव उभा होता, एकानेही बघितलं नाही.

म्हणून बाजारातून दोन लिंबं घेतली आणि शेठच्या दारात गेले. आत तीन गिऱ्हाइकं चहा पीत होती. शेठ म्हणाला, सगळ्या एकच असतात. मी भांडले नाही. लिंबं त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "शेठ, पूजेत काही राहिलं असेल. पुढच्या चाकांखाली तुमच्या हाताने ठेवा."

इतक्या लोकांसमोर लिंबाला नाही कोण म्हणणार? वाकला. मी बॅटरी मारली. "दांडा दिसला की सांगा." तो चाकांशी लिंबंच सरकवत राहिला. मग एक गिऱ्हाईक चहा ठेवून वाकलं. मग दुसरं.

गाडी बदलून द्या म्हटलं, तर शेठ उठला तो कळवतो म्हणाला. कधी, तर कळवतो.

घरी आलो. उचलून आणलेली ती दोन लिंबं अजून डॅशबोर्डवर आहेत, यांनी सरबताला मागितली, दिली नाहीत. आता गावात कुणाचीही गाडी आली की आधी माझी मान खाली जाते, मग नमस्कार.

या कागदाची एक नक्कल शेठच्या पत्त्यावर टाकलीय. शेठ, ही गाडी बदलून दांड्याची देणार की नाही, एवढंच सांगा. मंगळवारी आमची ती दोन घरं तुमच्याकडे यायला निघणार आहेत. तुमचं उत्तर मला सोमवारी संध्याकाळच्या आत पाहिजे.