ठिपक्याला मारलेल्या हाका

आमच्या शेजारच्या सरांइतका फुकट वस्तूचा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडायचा नाही. सर कॉलेजात गणित शिकवायचे. तिथलं महागडं सॉफ्टवेअर पॅकेज परवाना संपून बंद पडलं, त्या दिवशी ते कडाडले, "माज्याच घरात रवाक मी दरवर्साक भाडा कित्याक देव?" आणि त्यांनी जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही मोफत मिळणारं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर जवळ केलं. तेव्हापासून पेज किती वेळात निवेल इथपासून चर्चमध्ये पाद्रींचा आवाज कुठल्या बाकापर्यंत पोचेल इथपर्यंत सगळं त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर. लग्नात आहेर म्हणून तेच सॉफ्टवेअर भरलेला पेनड्राइव्ह द्यायचे. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "हवा फुकट गावता, म्हणान कोण नाक दाबून बसता काय रे?"

दोन वर्षांपूर्वी तोंडवलीच्या बाबीची होडी संध्याकाळी उलटली. सकाळी सगळे दक्षिणेकडे शोधत होते. बाबीची बायको आमच्या गावात, कट्ट्याला, सरांच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "सर, तुमचा यंत्र सगळा सांगता म्हणतत. माजो घोव खंय आसा, ता इचारा."

सरांनी भरती-ओहोटीचे आणि वाऱ्याचे आकडे भरले. पडद्यावर एक ठिपका सरकू लागला. सर त्याच्याशी खालच्या आवाजात बोलू लागले, "बाबी, हंय ये रे. दगड धर. सोडू नको." कट्ट्यातल्या त्या घरातून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला. ठिपका उत्तरेच्या खडकांपाशी थांबला.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा रखरखीत दुपार होती. वारा पडलेला, एकही पक्षी नाही. बाबी खडकाला मिठी मारून होता, ओठ फुटलेले. बायको गुडघाभर पाण्यात धावली. तो मात्र सरांकडे बघत म्हणाला, "सर, सकाळधरना तुमचीच हाक आयकी होतंय. दगड धर म्हणालास, धरलंय. सोडू नको म्हणालास, सोडलंय नाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. वाऱ्याच्या आकड्यापुढचं वजाचिन्ह घाईत राहून गेलं होतं. ते घालून त्यांनी गणित पुन्हा चालवलं. ठिपका खडकांकडे वळलाच नाही. सरळ भर समुद्रात गेला आणि पडद्याबाहेर नाहीसा झाला.

"म्हणजे चुकलेलंच बरोबर आलं?" मी विचारलं.

"गणित चुकला," सर म्हणाले. "बाकीचा माका ठावक नाय."

आता सर थकलेत. संध्याकाळी मी त्यांना तोंडवलीच्या किनाऱ्यावर फिरायला नेतो. बोलता बोलता ते मध्येच थांबतात, पाण्याकडे मान वळवतात आणि हळूच म्हणतात, "ओ." मग जरा वेळ ऐकत राहतात. कोण हाक मारतं, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांचं ऐकून होईपर्यंत मीही वाळूत उभा राहतो.