वरच्या मजल्याचं पाणी

बीडच्या कडेला, नेकनूर रस्त्याच्या अंगाला, जिथं प्लॉटिंग संपून माळ सुरू होतो, तिथल्या एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. माझी गावं नेकनूरकडची, रोजचं जाणंयेणं स्कूटीवर. नवरा पुण्याला कंपनीत. महिन्यातून एखाददोन फेऱ्या व्हायच्या त्याच्या. एरवी घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर मेंढ्या राखणाऱ्यांचं. जन्म उघड्या रानात काढलेला, त्यामुळे त्या कुणाच्या दारापुढे दबून उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

घरमालक खाली राहायचे. मोठे बागायतदार, गावच्या राजकारणात मुरलेले. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, सकाळपासून ओट्यावर चारदोन माणसं बसलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं होतं. आमच्याकडून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाली जायचा, खालून सणाची पोळी वर यायची. माळावर मेंढरं चारणारे लोक कधी सकाळी फाटकाशी येऊन मला हाक मारायचे. कुणाच्या शेळीचं पोट फुगलेलं, कुणाच्या मेंढीच्या खुरात पू. मी फाटकाबाहेर जाऊन बघून यायचे. अण्णा तेव्हा कौतुकानं म्हणायचे, "आमच्या घरी डाक्टरीन राहती."

मग आमच्या रस्त्याला कोचिंग क्लास निघाला आणि गल्लीतल्या घराघरांत खाटा पडू लागल्या. एका खोलीत चारचार पोरं. एक दिवस अण्णा जिन्यात उभं राहून म्हणाले, "ताई, महिनाभरात जागा मोकळी करा. पोराचा संसार मांडून द्यायचाय."

त्यांचा पोरगा हैदराबादला, तिथंच त्याचं घर झालेलं. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी मी वाद घातला नाही. दोनतीन आठवडे खरोखर घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला, "मालक कुठं असतात?" नवरा पुण्याला म्हटलं की चेहरा बदलायचा. एका बाईंनी सरळ सांगितलं, नुसत्या बायांना जागा देत नाही. दुसरीकडे दाराशी मेंढपाळ येतात म्हटल्यावर नकार आला. तिसऱ्या घराच्या पायऱ्या उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "आपण काय चोरी केलीया? कावून हिंडायचं दारोदार? हाय त्या घरात राहू."

मी खाली जाऊन अण्णांना सांगितलं, "आम्हाला जागा मिळत नाही. भाडं दर महिन्याला वेळेवर देते, पुढंही देईन. सध्या आम्ही इथंच आहोत."

ते हसले. "बघू," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी आमचा नळ कोरडा पडला. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या नळाला येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह टाकीच्या खालच्या बाजूला होता आणि त्याला बंद करून कुलूप घातलेलं होतं. बीडमध्ये नगरपालिकेचं पाणी कधी येईल ते देवाला माहीत. सगळं आयुष्य टाकीवर चालतं. मी विचारायला गेले तर अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पाइप खराब हाय."

"मग कुलूप कशाला?"

"माझं घर हाय, ताई. माझं कुलूप."

शेजारणीकडून कळशीनं पाणी आणायला लागलो. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, तरी जिन्यातून कळशी घेऊन चढताना त्या मुद्दाम अण्णांच्या ओट्यासमोर क्षणभर थांबायच्या. बसलेली माणसं खाली बघायची. पोलीस ठाण्यात गेले तर तिथल्या जमादारांनी चहा पाजला आणि म्हणाले, "हे दिवाणी हाय, मॅडम. आपसात मिटवा."

मग मी वकीलबाईंकडे गेले. कोर्टासमोरच्या गाळ्यात त्यांचं ऑफिस, टेबलावर फायलींचा ढीग आणि स्टीलचा डबा. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि जेवता जेवताच सांगितलं. भाडेकरूला काढायचं असेल तर मालकानं कोर्टात जावं, स्वतःची गरज खरी आहे हे तिथं दाखवावं. हुकूम झाल्याशिवाय कुणी बाहेर काढू शकत नाही. पाणी किंवा वीज तोडून हुसकावणं तर गुन्हाच आहे. भाड्याची पावती मागणं तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

"तुम्ही भीत तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "मारक्या रेड्याला इंजेक्शन देते मी. भीती वाटते, पण कुठं उभं राहायचं ते कळतं."

त्या हसल्या आणि पाण्यासाठी कोर्टात द्यायचा अर्ज लिहायला घेतला. अण्णांना नोटीस गेली. त्या दिवसापासून ओट्यावरची माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. माझ्या बदलीचा हुकूम आणतो, असंही अण्णा कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. आणायचा तर आणू दे, म्हटलं. तोवर मी इथं राहते.

आणि मधेच ते झालं, जे अण्णांच्याही आणि माझ्याही ध्यानीमनी नव्हतं. एका दुपारी मी नेकनूरच्या बाजूला लसीकरण करत होते. फोन आला, एका सालगड्याचा. गाय अडलीय, सकाळपासून जोर लावतेय, लवकर या. आमच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. सालगड्यानं खूण सांगितली तसं कळलं, शेत अण्णांचं आहे. मी स्कूटी वळवली.

गोठ्यात अण्णा स्वतः उभे होते. मला बघून त्यांचा हात नकळत टोपीकडे गेला. गाय आडवी पडून धापा टाकत होती. मी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "बादलीभर कोमट पाणी, साबण, गोडं तेल. आणि सुती दोर."

सालगडी दोर शोधायला पळाला. पाणी अण्णांनी आणलं.

आत हात घातला तर पुढचे दोन्ही पाय लागले, पण डोकं मागं वळलेलं. असं वासरू कितीही ओढलं तरी येत नाही. उलट गाय जाते. त्याला आधी आत ढकलायचं, मग तोंड पकडून सरळ करायचं. गाय कण्हायची तेव्हा माझा हात तिच्या हाडात चेंगरायचा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नाकपुडी बोटांना लागली, जबडा हातात आला, मान फिरली. पायांना दोर बांधला आणि गाईच्या कळेबरोबर सालगड्यानं आणि अण्णांनी हळूहळू ओढलं. कालवड झाली. मी तिच्या नाकातला चिकटा काढला, गवतानं छाती चोळली, तेव्हा ती शिंकली. गाय मान वळवून तिला चाटायला लागली.

मी हात धूत होते. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. आवाज बराच खाली आलेला होता. "ताई, लई उपकार झाले. आता कोर्टकचेरी कशाला? संध्याकाळपर्यंत नळ सोडतो. तुमी तेवढा अर्ज मागं घ्या."

क्षणभर मला मोह झाला. उन्हात दमलेले होते, आणि घरी गेल्यावर नळाखाली डोकं धरता आलं असतं. पण मी म्हणाले, "अण्णा, उपकार नाही, ही माझी नोकरी आहे. तुमच्या जागी दुसरा असता तरी आलेच असते. तसं पाणीही मला उपकारानं नको. तुमच्या मनात आलं की सुरू, मनात आलं की बंद, असं किती दिवस? जे मिटवायचं ते कोर्टात लिहून मिटवू."

"लई कडक हायत तुमी," ते म्हणाले.

"गाईला आज गूळ घालून कोंड्याची पेज द्या. वासरामागची वार पडली नाही तर ओढू नका, मला फोन करा," मी सांगितलं आणि निघाले.

नळ त्यांनी त्या संध्याकाळी सोडला नाही. त्याचा राग मला आला, पण आश्चर्य वाटलं नाही. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि पाणी ताबडतोब सुरू करण्याचा हुकूम दिला. कुलूप काढायला अण्णा स्वतः आले नाहीत, प्लंबर पाठवला. पाइप अगदी धडधाकट निघाला. आत्याबाईंनी नळाखाली हंडा लावला आणि तो भरून वाहायला लागला तरी थोडा वेळ बंद केला नाही. पाणी वाया घालवलेलं त्यांना एरवी खपत नाही.

नंतर वकिलांच्या मध्यस्थीनं लेखी तडजोड झाली. माझी बदली होईपर्यंत आम्ही राहायचं, भाडं बँकेत जमा करायचं, पावती दर महिन्याला. अण्णांनी खालच्या दोन खोल्यांत खाटा टाकल्या. पोरं गुणी होती, आत्याबाईंच्या हातचं कालवण मागून खायची. अण्णांशी बोलणं तुटलं नाही, पण पहिल्यासारखं गोडही झालं नाही. मला ते बरं वाटलं. कामापुरतं बोलायचे आणि "अहो मॅडम" म्हणायचे.

पुढं माझी बदली घाटनांदूरला झाली, नेहमीच्या यादीत. तिथं घर पाहायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, "मालक कुठं असतात?"

"पुण्याला," मी म्हणाले. "घर मी घेतेय. आधी नोंदणी करून करार करू, मग सामान आणते."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.