डाव्या बाजूचा फिल्टर

आटपाडीचा माझा मेकॅनिक काम करताना बोलत नाही. काही विचारलं तर नुसतं "व्हय" म्हणतो. परवा त्यानं माझ्या जुन्या मोटरसायकलच्या दोन्ही कार्बोरेटरना बाजारातून आणलेले नवे एअर फिल्टर बसवले आणि मी जतकडं निघालो. पाच-सहा किलोमीटरवर तो हॉर्न वाजवत मागून आला आणि त्यानं स्कूटर आडवी घातली.

"गाडी बंद करा आदी!"

त्यानं डावा फिल्टर ओढला. तो अलगद हातात आला.

"आवं, ह्येची क्लिप आवळायची ऱ्हायली. धुरळा आत गेला आसता तर इंजिन गेलं आसतं. माजीच चूक हाय."

फिल्टरच्या रबरी तोंडाला लागलेलं तेल शर्टानं पुसून त्यानं तो परत बसवला, क्लिप आवळली आणि तो बाजूला सरकला.

"आता तुमी वढा."

मी जोर लावून ओढलं. फिल्टर हलला नाही. तरी त्यानं उजवा फिल्टरही एकदा ओढून बघितला.