चादरीखालचा पॉप सिंगर

आमच्या घराण्यात एक पॉप सिंगर होऊन गेला. घराणं गाण्याचं नव्हे, चादरींचं. सोलापुरात खाली आमचे चार यंत्रमाग आणि वर आम्ही. आता मागांच्या डोक्यावर राहणाऱ्यांचे आवाज कसे होतात ते सांगायला नको. आमच्याकडे "मीठ वाढ" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतला माणूस आपल्या ताटात मीठ वाढून घ्यायचा!

सत्तर सालानंतरचे ते दिवस. कॉलेजातल्या प्रत्येकाने कानांवर केस सोडले होते आणि बेलबॉटम चढवली होती. मी त्याच्या जोडीला गिटारवाली गाणीही सुरू केली. एका लग्नात भरदुपारी ऑर्केस्ट्राबरोबर गाताना वीज गेली. गिटार गेली, माइक गेला, पण मी गातच होतो, आणि मांडवाच्या पार टोकाला बसलेल्या पंगतीला वीज गेल्याचा पत्ताच नाही! (पंखे थांबले तेव्हा लागला.) त्या पंगतीत मुंबईच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचे मालक जेवत होते. हात धुऊन ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एक रेकॉर्ड काढू या तुमची."

मी हवेत! अप्पा, म्हणजे माझे वडील, जमिनीवरच होते. त्यांना मी चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला हवा होतो, आणि मला गल्ला सोडून जगात कुठंही बसायला चाललं असतं.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "एक डाव मुंबईला जाऊन ये. रेकॉर्ड हितं वाजली, लोकांनी पुन्ना लाव म्हटलं, तर गा जलमभर. न्हाय वाजली तर गुमान गल्ल्यावर बसायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. हरायचा प्रश्नच नव्हता. आवाज होता, केस होते, कोटही होता. (कोट आमच्याच चादरीचा शिवलेला, पाठीवर नाचरा मोर. ही अप्पांची आयडिया! "फोटू निघतोय तर मालाची जाहिरात हू दे की.")

मुंबईला आम्ही तिघं गेलो. मी गायला, अप्पा खर्चावर नजर ठेवायला आणि अव्वा, म्हणजे आई, कडक भाकरीचा पत्र्याचा डबा घेऊन. मुंबईत माणसं काय खातात याची तिला शाश्वती नव्हती.

स्टुडिओत काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्या साहेबांनी खूण केली. मी तोंड उघडलं, आणि साहेबांनी कानांवरचं यंत्र उपटून फेकलं!

"जरा मागे व्हा."

झालो.

"अजून मागे."

झालो.

"अजून!"

"साहेब, मागं भिंत हाय."

"मग भिंतीकडे तोंड करून गा."

भिंतीला गाणं ऐकवलं. आवाज आटोक्यात आला, पण दुसरीच भानगड उभी राहिली. त्या खोलीत एवढी शांतता होती की मला काही सुचेना! जन्मल्यापासून खालची खटाक्-खट कानात. तिच्याच तालावर मी रांगलो, तिच्याच तालावर पाढे म्हटले, गाणंही तिच्यावरच बसवलं. ती नाही म्हटल्यावर, गिटार कुर्डुवाडीला असायची तेव्हा मी पुण्याला पोचलेलो असायचो.

"याला होतंय काय?" साहेब वैतागले.

"काय न्हाय ओ," अव्वा म्हणाली. "त्येला माग लागतो. माग चालू करा की."

"आता मी माग कुठून आणू?" (हे गिरण्यांच्या मुंबईत बसून विचारत होते!)

शेवटी अव्वानेच तोड काढली. भाकरीचा डबा रिकामा करून उपडा घातला आणि चमचा अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी कोपऱ्यात मांडी ठोकली आणि डब्यावर हुबेहूब माग सुरू केला. खटाक्-खट, खटाक्-खट! माझं गाणं एकदम रुळावर आलं. फक्त डब्याचा आवाज रेकॉर्डमध्ये नको, म्हणून साहेबांनी आम्ही त्यांना भेट दिलेल्या दोन्ही चादरी डब्यासकट अप्पांच्या डोक्यावरून पांघरल्या.

शेवटच्या अंतऱ्यापर्यंत सगळं झकास. तिथं मी सगळ्यात वरच्या सुरावर चढलो आणि आवाज फाटला. जरासाच! पण चादरीखालच्या अंधारात डोळे मिटून बसलेले अप्पा मनाने कधीच कारखान्यात पोचले होते. काहीतरी तुटलं एवढंच त्यांनी ऐकलं आणि सवयीने गरजले,

"आरं धागा तुटला! माग बंद कर!"

मी तरीही गाणं पुरं केलं. (कलावंत होतो ना!) दारात पुढची पार्टी तबल्यासकट ताटकळत होती.

"पुन्हा घ्यायचं का?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. चादरीतून बाहेर येणाऱ्या अप्पांकडे पाहिलं.

"नको, नको. पॉपमध्ये अशा आरोळ्या चालतात."

रेकॉर्ड निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कर्णा लावलेलं चहाचं हॉटेल होतं, तिथं मी ती स्वतः नेऊन दिली. दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाला दुकानात हजर.

"सकाळपासून तुमचीच रेकॉर्ड! लोकं म्हंतेत, पुन्ना लाव, पुन्ना लाव!"

मी अप्पांकडे बघितलं. मी गॉगल लावला, मोराचा कोट चढवला आणि चाहत्यांना दर्शन द्यायला निघालो.

गाणं चालू होतं आणि हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. सगळे कामगार आपापल्या मागावर. मग शेवटचा अंतरा आला, माझा आवाज फाटला आणि कर्ण्यातून अप्पा गरजले. मागांच्या गोंगाटातून आरपार जाणारा मालकाचा आवाज तो! गल्लीतले माग एका दमात बंद! प्रत्येकाचं म्हणणं, आपलाच धागा तुटला. आणि माग बंदच झालाय म्हटल्यावर चहा घ्यायला काय हरकत आहे? सगळी गल्ली हॉटेलात लोटली. चहा पिऊन परत जाता जाता फर्माईश झाली, "थोड्या येळानं पुन्ना लावा ओ!"

मी एकाला धरलं. "गाणं कुणाचं आहे हे?"

"अप्पांचं की."

"आणि आधी गातो तो?"

"त्यो व्हय? त्यो वराडाय लागला की समजायचं, आता अप्पा येनार."

खरं सांगतो, मला रडू फुटलं. गॉगल कामी आला.

आठ दिवसांनी ऑर्केस्ट्राचा मॅनेजर हार घेऊन दुकानात आला. मी केसांवरून कंगवा फिरवून मान पुढे केली. हार माझ्या शेजारून गेला आणि अप्पांच्या गळ्यात पडला.

"अप्पा, औंदा गड्ड्याच्या जत्रंत आमचा कार्यक्रम हाय. ती आरोळी आमाला स्टेजवर जिवंत पायजे."

"आणि गाणं?" मी विचारलं.

"गान्याला रेकॉर्ड हाय की!"

तरी मी धीर सोडला नाही. "अप्पा, रेकॉर्ड वाजली. लोकांनी पुन्हा लाव म्हटलं. आता ठरल्याप्रमाणे..."

"ठरल्यापरमानंच," हार सारखा करत अप्पा म्हणाले. "लोकांनी ज्येला पुन्ना लाव म्हटलं, त्येनं गायचं. मग दुकानात कोन बसनार?"

मोराचा कोट त्यांना माझ्यापेक्षा बरा बसला.

पुढे कित्येक वर्षं नवं गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारायचं, "पॉप सिंगरचं दुकान हेच का?"

मी गल्ल्यावरून अर्धवट उठून म्हणायचो, "हेच की! बसा. अप्पा जेवायला गेलेत."